दिवाळं, नादारी, अवसायन: बँक नेमकी कशात निघते?

प्रश्न असा आला आहे: 'अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक दिवाळखोरीत गेली असं एका बातमीत वाचलं, दुसऱ्या बातमीत ती नादार झाली होती. आमच्या तालुक्यातली पतसंस्था मात्र अवसायनात निघाली. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि दिवाळं या शब्दाचा दिवाळीशी काही संबंध आहे का?'

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं चुकीचं उत्तर दर आश्विनात मोबाइलवर फिरत येतं. दिवाळीत उधळपट्टी केली की दिवाळं निघतं, म्हणून ते दिवाळं! ही व्युत्पत्ती नाही, ही कोटी आहे, आणि शिकलेली माणसं ती गंभीरपणे पुढे पाठवतात याचा मला मनापासून राग येतो. दिवाळी म्हणजे दीपावली, दिव्यांची ओळ. दिवाळ्यातही दिवा आहे, पण ओळ नाही. तो एकटा दिवा आहे आणि भर दिवसा लावलेला आहे.

रॉबर्ट ड्रमंड यांनी 1808 मध्ये मुंबईत गुजराती आणि मराठी भाषांवर एक पुस्तक छापलं. त्यात त्यांनी हा रिवाज नोंदवला आहे. व्यापाऱ्याचा व्यवहार बुडाला, किंवा बुडणार असं दिसलं, की तो घरात, दुकानात नाहीतर पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवतो आणि काही काळ तिथून निघून जातो. हिशेब उघड झाले किंवा उरलेल्या मालमत्तेची वाटणी झाली आणि धनकोंचं समाधान झालं, की तो परत येतो. 'हॉब्सन-जॉब्सन' या 1886 च्या कोशाने ही नोंद उचलली, पण व्युत्पत्ती वादग्रस्त आहे अशी पुस्ती जोडली. तेवढ्या पुस्तीवर भरवसा ठेवून कित्येक जण दिव्याला 'लोककथा' म्हणून मोडीत काढतात. मला ते मुळीच मान्य नाही. ड्रमंड 'पूर्वी म्हणे असं करत' असं सांगत नाहीत. चालू वर्तमानकाळात, डोळ्यांसमोरच्या बाजारातली रीत म्हणून लिहितात. शब्द जुळवायला रचलेल्या गोष्टीत 'हिशेब उघड होईपर्यंत' आणि 'मालमत्तेची वाटणी होईपर्यंत' इतके कोरडे तपशील येत नाहीत.

वाद आहे तो शब्दाच्या शेपटाचा. दीप, दीव, दिवा इथपर्यंत वाट सरळ आहे. पुढचं '-आळं' कुठून आलं? कोणी 'आलय' म्हणतं, 'हिंदी शब्दसागर' हा कोश पेटवणे या अर्थाचं, 'ज्वाल'च्या कुळातलं 'बालना' सांगतो. मराठीतला 'ळ' इथे निवाडा करत नाही, कारण आलयातल्या सुट्या 'ल'चाही 'ळ' होतो आणि 'ज्वाल'मधल्या 'ल'चाही होतो, नाहीतर आपलं 'जाळणे' आलं नसतं. शेपूट कुठलंही असो, डोकं दिव्याचंच आहे.

शब्दसागराने मात्र एक तपशील जास्तीचा दिला आहे आणि तो वाचून मला अतोनात आनंद झाला. दिवाळं काढणारा व्यापारी दुकानातलं टाट, म्हणजे बसायचं तरट, उलटं करायचा आणि त्यावर चौमुखी दिवा लावायचा. हिंदीत 'टाट उलटना' हा वाक्प्रचार आजही दिवाळं निघणे या अर्थाने आहे. आता इटलीत चला. इंग्रजी 'बँकरप्ट' आला आहे 'बांका रोत्ता'वरून. बांका म्हणजे सराफाचं बाजारातलं बाक, रोत्ता म्हणजे मोडलेलं. बाक खरोखर कुऱ्हाडीने मोडत की मोडणं नुसतं लाक्षणिक, यावर तिकडच्या पंडितांत मतभेद आहेत. पण कल्पना बघा! इकडे टाट उलटं, तिकडे बाक मोडकं. एकाने दुसऱ्याकडून घेतलं म्हणावं असा काही पुरावा नाही. ज्या बैठकीवरून पैशाचा व्यवहार चालायचा, ती बैठकच लोकांसमोर निकामी करायची, हे दोन्हीकडच्या बाजाराला स्वतंत्रपणे सुचलं. आणि आपल्याकडे वर दिवाही ठेवला, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कळावं.

दिव्याचा हा रिवाज म्हणजे आजच्या कायद्याचा सांगाडाच आहे, असं माझं मत आहे. भर दिवसाचा दिवा ही जाहीर नोटीस. व्यापारी निघून गेला की वसुलीचा तगादा थांबतो, ती स्थगिती. मग हिशेब उघडे करणं, मग वाटणी. आपल्या 2016 च्या 'नादारी व दिवाळखोरी संहिता' या कायद्यातला क्रम वेगळा नाही: राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कलम 14 प्रमाणे स्थगिती लागते, जाहीर निवेदन निघतं, धनको आपापले दावे नोंदवतात. फरक इतकाच, की दिवा ऋणको स्वतः लावायचा. आता धनकोही लावू शकतो.

इतका नेटका शब्द हातात असताना आपण त्याला 'खोर' चिकटवला. खोर म्हणजे फारसीत खाणारा. लाचखोर, हरामखोर, चुगलखोर, भांडखोर ही त्याची भावकी. यातला एकही शब्द निरपराध माणसाला लावता येत नाही. मग महापुरात दुकान वाहून गेलेला कापडवाला दिवाळखोर कसा? त्याचं दिवाळं निघालं म्हणा. फ्रेंचांनी हा भेद कायद्यातच ठेवला आहे. तिथे 'बांकरूत' हा गुन्हा आहे, म्हणजे मालमत्ता दडवणं, हिशेबात खोट करणं वगैरे. नुसत्या बुडण्याला ते नाव लागत नाही. दिवाळखोर हा शब्द मराठीने त्या बांकरूतसाठी राखून ठेवावा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. वर्तमानपत्रं ऐकत नाहीत.

बुडालेल्या सरळ माणसासाठी शब्द आहे: नादार. ना-दार, म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. जमीनदार, दुकानदार यांतला 'दार'च इथे नकार घेऊन आला आहे. जुन्या पिढीला तो शाळेमुळे माहीत आहे. गरीब मुलाला फी माफ झाली की 'त्याला नादारी मिळाली' म्हणत. त्यात दोष नव्हता, परिस्थितीची नोंद होती. म्हणून 2016 च्या कायद्याचं 'नादारी व दिवाळखोरी संहिता' हे मराठी नाव मला पटतं, माझा 'खोर'वरचा आक्षेप धरूनही. निदान क्रम बरोबर आहे. आधी नादारी, म्हणजे देणी फेडता न येण्याची अवस्था. मग, तोडगा निघाला नाही तर, दिवाळखोरी, म्हणजे तसा ठरवणारा आदेश. हिंदीतलं अधिकृत नाव आहे 'दिवाला और शोधन अक्षमता संहिता'. अवस्थेला दिवाला आणि आदेशाला शोधन अक्षमता! फेडण्याची असमर्थता असा ज्याचा अर्थ उघड आहे, तो शब्द नेमका उलट्या जागी बसवला आहे. दिवा पेटवून झाल्यावर 'आता याला फेडता येत नाही' असं जाहीर करण्यासारखं हे आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी दिवाला शब्दाचा अर्थ विचारात घेतला नाही, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

दोन वेगळे शब्द मुळात का लागतात, हेही इंग्लंडच्या इतिहासात आहे. 1571 च्या कायद्याने दिवाळखोर ठरण्याची सोय फक्त व्यापाऱ्यांना ठेवली. बाकीचा कर्जबाजारी नुसता नादार, आणि त्याच्या वाट्याला कर्जासाठीचा तुरुंग. ही भिंत 1861 मध्ये पडली. पण आजही तिथे दिवाळखोर होतो तो माणूस. कंपनीचं परिसमापन होतं, म्हणजे मालमत्ता विकून, देणी भागवून ती बंद केली जाते. आपल्या संहितेतही दिवाळखोरीचा आदेश फक्त व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठीच्या तिसऱ्या भागात आहे, आणि तो भागसुद्धा डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. म्हणजे 'अमुक कंपनी दिवाळखोर घोषित' हा मथळा भारतीय कायद्याप्रमाणे चूकच. अमेरिकेत तसं नाही, तिथे कंपनीही त्याच कायद्यात येते.

बँक मात्र अमेरिकेतही येत नाही, आणि विमा कंपनीही नाही. तिथल्या संहितेने दोघांना वगळलं आहे. सिलिकॉन व्हॅली बँक 10 मार्च 2023 ला कॅलिफोर्नियाच्या नियामकाने बंद केली आणि तिथल्या ठेवी विमा महामंडळाला तिचा प्रापक, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन देणी मिटवणारा, नेमलं. दिवाळखोरीचा अर्ज 17 मार्चला आला, तो एसव्हीबी फायनान्शियल ग्रुप या तिच्या धारक कंपनीचा, म्हणजे बँकेची मालकी असलेल्या कंपनीचा. बातम्यांनी दोघींना एकच करून टाकलं. आपल्याकडेही बँका आणि विमा कंपन्या संहितेच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत. बँकेवर रिझर्व्ह बँक निर्बंध घालते, सरकारकडे स्थगिती मागते, विलीनीकरणाची योजना आखते. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले आणि जानेवारी 2022 मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मधल्या काळात 'पीएमसीची दिवाळखोरी' असं किती वेळा कानावर पडलं! दिवाळखोरीचा आदेश एकदाही झाला नव्हता. ठेवीदाराला शब्दाने फरक पडतो, कारण निर्बंध लागले की 2021 च्या दुरुस्तीमुळे पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचे पैसे 90 दिवसांत मिळण्याचा हक्क येतो. बँक बंद होण्याची वाट पाहावी लागत नाही.

राहिलं अवसायन. संस्थेची मालमत्ता विकून, देणी भागवून ती बंद करणं म्हणजे अवसायन. हा सहकार खात्याचा लाडका शब्द, ते काम करणारा अवसायक हाही त्याचाच. अव + सो, संपवणे. अवसान हा त्याचाच भाऊ, संस्कृतात शेवट आणि मराठीत मात्र अंगातलं बळ. ते कसं झालं हा स्वतंत्र विषय आहे. पण 'व्यवसाय' फोडून पाहा: वि + अव + सो. धंदा आणि धंद्याचा शेवट, दोन्ही एकाच धातूतून!

तर तुमच्या तिन्ही शब्दांचा अर्थ एक नाही. तालुक्यातल्या पतसंस्थेसाठी अवसायन अगदी बरोबर. अमेरिकेतल्या बँकेसाठी 'नियामकाने बंद केली' किंवा सरळ 'बुडाली' लिहा. दिवाळखोरी तिथे धारक कंपनीपुरती ठेवा.