८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या प्रोग्राममध्ये डीसीएक्स बी (बी आणि सी या रजिस्टरांच्या जोडीतला १६ बिटचा आकडा एकने कमी करणारी इन्स्ट्रक्शन) नंतर जेएनझेड (उत्तर शून्य नसेल तर जंप) लावलाय, लूप थांबतच नाही, का?

कारण डीसीएक्स कुठल्याच फ्लॅगला (उत्तर कसं आलं याची खूण ठेवणारा बिट) हात लावत नाही. जेएनझेड बीसी पेअरमध्ये काय आहे ते बघतच नाही, तो फक्त झिरो फ्लॅग (उत्तर शून्य आलं की १ होणारा) बघतो, आणि तो फ्लॅग आधीच्या कुठल्यातरी इन्स्ट्रक्शनने सेट केलेला असतो, म्हणून बीसी शून्य झालं तरी जंप होतच राहते (किंवा फ्लॅग आधीच १ असेल तर लूप पहिल्याच फेरीत संपतो, ते तर अजून फसवं).

उपाय सोपाय. डीसीएक्स बी नंतर मूव्ह ए,बी (बी ची कॉपी ए रजिस्टरमध्ये) मग ओआरए सी (ए आणि सी चा ओआर, उत्तर ए मध्ये, फ्लॅगही अपडेट) आणि मग जेएनझेड. दोन्ही बाइट शून्य असतील तेव्हाच ओआरचं उत्तर शून्य येतं. यात ए ची जुनी व्हॅल्यू जाते, ती हवी असेल तर आधी डी रजिस्टरमध्ये ठेव आणि ओआरए नंतर परत आण, मूव्हने फ्लॅग बदलत नाहीत. पुश पीएसडब्ल्यू, पॉप पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग एकत्र स्टॅकवर ठेवणं आणि परत आणणं) मात्र इथे नको, पॉपबरोबर जुने फ्लॅगही परत येतात आणि सगळं मुसळ केरात.

काउंट २५५ पर्यंतच असेल तर सरळ डीसीआर सी (फक्त सी एकने कमी करणारी) वापर ना, तो झिरो फ्लॅग अपडेट करतो, फक्त कॅरी फ्लॅग तसाच ठेवतो.