व्हीएसडीच्या बाळाचं वजन वाढत नाही, त्यात तुझा दोष नाही

अगं, सासूबाई म्हणतात तसं तुझं दूध 'पातळ' वगैरे काही नाही. व्हीएसडी म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. ते असलं की फुप्फुसांत जास्तीचं रक्त जातं, श्वास जलद चालतो, आणि प्यायलेलं दूध त्या धावपळीतच खर्ची पडतं. साधारण तान्ह्याला दिवसाला किलोमागे १००-११० कॅलरी पुरतात. अशा बाळाला १२०-१५० लागू शकतात. आणि नेमकं तेच चार घोट पिऊन दमतं.

माझ्या लेकाच्या कपाळावर पिताना दवासारखा घाम यायचा. मला वाटायचं, उकडतंय. पंखा लावत बसले! तुझ्याकडे असं दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांग.

एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ओढू नकोस, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पाज. उरलेलं काढून वाटी-चमच्याने दे. दुधात काय घालून कॅलरी वाढवायच्या ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतील. पावडर आपल्या मनाने घट्ट कालवायची नाही. वरचं पाणी, गुटी तर नकोच. नळीने दूध द्यायची वेळ आली तर रडू नकोस. मी रडले होते, पण त्या नळीनेच वजन हललं.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून. रोज करशील तर वेडी होशील. पण दोन आठवडे काटा हललाच नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन कर. ओठ निळे पडले किंवा पिणंच सोडलं, तर तडक दवाखाना.