दस्तार इथूनच बांधून जाऊ की तिकडे रुळल्यावर?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपासून केस राखले आहेस, कडं घालतोस, रोजचा नितनेम (ठरलेले पाठ) चुकवत नाहीस, अमृत, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा, मात्र अजून घेतलेलं नाही. घरात दुसरं कुणी शीख नाही. ब्रिटनमधल्या रुग्णालयात नर्सची नोकरी जवळजवळ ठरली आहे. आता दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, इथूनच बांधून जावं की तिकडे रुळल्यावर बांधावी, हे ठरत नाही. आईचं म्हणणं, "आधी नोकरीत कायम हो, मग डोक्याला काय हवं ते बांध." तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही अरे-तुरे करते.

मीही मराठी घरातली, जन्माने शीख नाही. नर्स आहे, आणि ब्रिटनमध्ये आले ती केसकी (छोटी पगडी) बांधूनच. त्यामुळे माझं मत सरळ आहे: बांधायची असेल तर निघण्याआधी बांध. पण हे एवढं सांगून मला गप्प बसवत नाही, कारण तुझ्या प्रश्नाने बरंच काही वर काढलं.

कायद्याचं मी फार सांगत नाही, ते सरकारी संकेतस्थळांवर नीट लिहिलेलं आहे. पगडीधारी शिखांना मोटरसायकलच्या हेल्मेटमधून १९७६ पासून सूट आहे, बांधकामाच्या जागी १९८९ च्या कायद्याने, आणि २०१५ पासून जवळपास सगळ्याच कामाच्या ठिकाणी. ही सूट मिळवायला लोकांनी काय सोसलं, ते मात्र तुला माहीत असावं. त्यातली एक हकीकत तर थेट तुझ्या प्रश्नाचीच आहे. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तरसेमसिंग संधू नावाचे बसचालक होते. नोकरीला लागले तेव्हा दाढी नव्हती, पगडी नव्हती. १९६७ साली आजारपणाच्या रजेवरून परतले ते दाढी राखून, पगडी बांधून. गणवेशाचा नियम दाखवून त्यांना घरी पाठवलं. पुढे मोर्चे निघाले, एका शीख नेत्याने आत्मदहनाचा इशारा दिला, आणि एप्रिल १९६९ मध्ये ती बंदी उठली. आज तुला कुणी घरी पाठवणार नाही. पण "आधी नोकरी, मग पगडी" या क्रमाने गेलं की लोक बदलाचं कारण मागतात, आणि आपल्यासारख्यांना ते दुप्पट मागतात. जन्माने शीख असलेल्या मुलाने उशिरा दस्तार बांधली तर "घरच्या वाटेवर आला" म्हणून सगळ्यांना आनंद होतो. तू बांधलीस तर "हे कधीपासून? का? लग्न ठरलंय का?" सुरू होईल, तेही नव्या वॉर्डात, नव्या हाताखालच्या-वरच्या माणसांसमोर, जेव्हा तुला औषधांची नवी नावं आणि तिथले उच्चार पाठ करायचे असतील. पहिल्या दिवशी तू दस्तारीत दिसलास तर तू त्यांच्यासाठी तसाच असतोस. विषय संपतो.

रुग्णालयातल्या दोन गोष्टी तुला आधीच माहीत हव्यात. पहिली कड्याची. इथे रुग्णाला हात लावताना कोपराखाली काहीही घालायचं नाही, घड्याळसुद्धा नाही. कडं काढायला लागत नाही, पण ते वर सरकवून घट्ट बसवावं लागतं, म्हणजे मनगट धुता येतं. आरोग्य विभागाच्या २०१० च्या गणवेश मार्गदर्शिकेत हे लिहिलेलं आहे, तरी प्रत्येक वॉर्डच्या प्रमुखाला ते माहीत असेलच असं नाही. तुझं कडं सैल असेल तर निघण्याआधी मापाचं घे, कोपराच्या खालच्या जाड भागावर अडकून राहील असं. सैल कडं हात वर-खाली झाला की घसरतं आणि नेमकं ड्रेसिंग करताना मनगटावर येतं.

दुसरी दाढीची, आणि ती जास्त महत्त्वाची. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, आणि त्याची फिट टेस्ट पास झाल्याशिवाय काही ठिकाणी कामाला उभं करत नाहीत. २०२० मध्ये करोनाच्या लाटेत इथल्या कितीतरी शीख डॉक्टरांना याच कारणाने पुढच्या फळीतून बाजूला केलं गेलं. तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी ठाठ्याचा उपाय काढला. दाढी बसवायला जसा कापडी ठाठा बांधतात, तशी रबरी पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायची आणि मास्क त्या गुळगुळीत पट्टीवर बसवायचा. तो 'सिंग ठाठा' त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हवा पुरवणारं हूड हा दुसरा मार्ग, ते घातलं की दाढीचा प्रश्नच येत नाही. तू रुजू होण्याआधीच ईमेलने विचार: मी दाढी कापत नाही, फिट टेस्टची काय सोय आहे? उत्तर लेखी घे. तोंडी "हो हो, बघू" यावर विसंबू नकोस.

आता कागदपत्रं. याचं नाव काढलं तरी माझं डोकं अजून तापतं. मी नावापुढे कौर लावलं, राजपत्रात नाव बदलल्याची नोंद केली, प्रतिज्ञापत्र केलं, सगळं रीतसर. पण पदवी जुन्या नावाने, नर्सिंगची नोंदणी जुन्या नावाने, इंग्रजीची परीक्षा नव्या नावाने, पासपोर्टवरचा फोटो उघड्या डोक्याचा आणि मधल्या जागी वडिलांचं नाव. प्रत्येक कार्यालयाला मी वेगळीच बाई वाटत होते. एका ठिकाणी तर समोरच्या बाईंनी राजपत्राची प्रत उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "पण यात तुमचा धर्म कुठे लिहिलाय?" नाव आणि धर्म या राजपत्रात वेगवेगळ्या नोंदी असतात, हे मी त्यांना समजावत बसले. महिने गेले त्यात. तेव्हा नाव बदलायचं असेल तर आधी राजपत्र, मग पासपोर्ट, मग परीक्षा, मग नोंदणी, याच क्रमाने जा. आणि सिंग लावायचंच नसेल तर नको लावूस. दस्तार बांधायला नावात सिंग असावं लागत नाही. पासपोर्टचा फोटो मात्र दस्तारीतलाच काढ. धार्मिक कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं, चेहरा पूर्ण दिसला की झालं.

मुलाच्या शाळेचं तू विचारलेलं नाहीस. तुला मूल नाही, लग्न नाही. तरी सांगते, कारण दस्तारीच्या प्रश्नाचा गाभा मला तिथे कळला.

नवरा शीख नाही, केस कापतो, त्याबद्दल आमच्यात कधी वाद नाही. मुलाने माझं पाहून लहानपणीच केस राखायचं ठरवलं. जुडा बांधायचा, त्यावर पटका, म्हणजे मुलं डोक्याला बांधतात ते कापड. प्राथमिक शाळेत कुणी हरकत घेतली नाही. मोठ्या शाळेत गणवेशाच्या रंगावरून सुरुवात झाली, आणि मग एका शिक्षिकेने वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या बाबांचे केस तर छोटे आहेत ना?" पाठोपाठ शाळेचं पत्र आलं: हा मुलगा शीख असल्याबद्दल गुरुद्वाऱ्याचं पत्र आणावं. वर्गातल्या पंजाबी मुलांकडे असं पत्र कुणी मागितलं नव्हतं.

मी चिडून जुने खटले वाचायला घेतले. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, मंडला खटला होता. पगडी काढून केस कापायला तयार नाही म्हणून बर्मिंगहॅममधल्या एका खासगी शाळेने शीख मुलाला प्रवेश नाकारला होता. निकाल मुलाच्या बाजूने लागला. त्यात न्यायाधीश लॉर्ड फ्रेझर यांनी एक मुद्दा मांडलाय, तो मला आजही तोंडपाठ आहे. अशा समाजात बाहेरून आलेली माणसंही असू शकतात. माणूस स्वतःला त्या समाजाचा मानत असेल आणि त्या समाजातली माणसं त्याला आपलं मानत असतील, तर कायद्याच्या दृष्टीने तो त्या समाजाचाच. म्हणजे आपली बाजू पक्की होती. वेल्समधल्या एका मुलीला कडं घातलं म्हणून शाळेने बाहेर ठेवलं होतं, तीही २००८ मध्ये जिंकली, आणि तिचे वडील वेल्श होते.

पण त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग बघ: त्यांनी आपलं मानलं पाहिजे. मी गुरुद्वाऱ्यात पत्र मागायला गेले. जिथे मी दर रविवारी लंगरमध्ये पोळ्या लाटते, तिथे. समितीच्या गृहस्थांनी चहा दिला, चौकशी केली, अमृत घेतलंय का विचारलं, आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न, झालंय का विचारलं, आणि पत्र लिहून दिलं: "हे कुटुंब आमच्या गुरुद्वाऱ्यात नियमित येतं." बस. शीख आहेत, असं लिहिलं नाही. मी ते पत्र तिथेच उभी राहून वाचलं आणि आभार मानून घेऊन आले. शाळेला ते पुरलं. मला नाही पुरलं.

मुलाने पुढे दोन इयत्ता पटका बांधला आणि एक दिवस केस कापायचेत म्हणाला. शाळेमुळे का, बाबांसारखं दिसायचं म्हणून का, की त्या वयात सगळ्यांना असं वाटतं म्हणून, मला अजून माहीत नाही. मी विचारलं तर "असंच" म्हणतो. मी त्याला अडवलं नाही, अडवायचा मला हक्कही नव्हता. पण त्या शिक्षिकेचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एकटेपणाबद्दल सगळे तुला सांगतील की थंडी, अंधार, लवकर बंद होणारी दुकानं. त्याची सवय होते. रस्त्यावर कुणी काही ओरडलंच तर ती जागा आणि वेळ लिहून ठेव, तक्रार कर, आणि पुढे चालू लाग. मला खरं एकटं वाटलं ते गर्दीत. गुरुद्वाऱ्यात संगतीत बसलं की शेजारची बाई प्रेमाने विचारते, "तुहाडा पिंड केहडा?" म्हणजे तुमचं गाव कोणतं? माझं पिंडच नाही. पंजाबी बोलते ती शिकलेली, तोंडात वाढलेली नाही. आणि मराठी लोक भेटले की केसकीकडे बघून पहिला प्रश्न, "पंजाब्याशी लग्न केलंस का?" नाही म्हटलं की काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. तुलाही दोन्हीकडे हे होणार. दस्तारीने ते कमी होत नाही, उलट वाढतं, कारण पंजाबी माणूस लांबून दस्तार पाहून पंजाबीत बोलायला येतो आणि तुझ्या दुसऱ्या वाक्याला थबकतो.

अशा वेळी कुणी सांगतात, नामदेवांचं नाव सांग, गुरु ग्रंथ साहिबात त्यांचे ६१ शबद (पदं) आहेत, ते मराठी होते. मी ते कधी पुढे करत नाही. नामदेव महाराजांचा दाखला देऊन मला जागा मागायची नाही. कीर्तनात त्यांचा शबद लागला की मी डोळे मिटून ऐकते, ते माझं माझ्यापाशी. मला आधार वाटतो तो १६९९ च्या आनंदपूरचा, जिथे गुरु गोबिंदसिंगांनी खालसा पंथ उभा केला. पाच प्यारे, म्हणजे दीक्षा घेणारे पहिले पाच जण, उभे राहिले त्यात एक बीदरचे, एक जगन्नाथपुरीचे, एक द्वारकेचे. त्या दिवशी तिथला कुणीच जन्माने खालसा नव्हता. हे मी स्वतःला सांगते, दुसऱ्यांना पटवायला वापरत नाही.

आईला सांग की ब्रिटनमध्ये दस्तार नवी नाही. २०२१ च्या जनगणनेत नुसत्या इंग्लंड आणि वेल्समध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास शीख होते. मात्र तुझं रुग्णालय कोणत्या गावात आहे ते बघ. बर्मिंगहॅमकडे किंवा लंडनमधल्या साउथहॉलजवळ असशील तर दस्तारीकडे कुणी वळून बघणार नाही. लांबच्या किनाऱ्यावरच्या गावात असशील तर तू एकटाच असशील, आणि मग जवळचा गुरुद्वारा बसने किती लांब आहे ते घर घेण्याआधी बघायचं. रविवारची पाळी नको म्हणूनही आधीच सांगून ठेव.

अमृताची घाई करू नकोस. विमान पकडायच्या आधी पाचही ककार (केस, कंगवा, कडं, कच्छा, किरपाण) झाले पाहिजेत असं काही नाही. अमृत घेतलंस की किरपाण आली. इथे धार्मिक कारणासाठी ती बाळगायला १९८८ च्या कायद्यात आधार आहे, पण विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही, आणि वॉर्डात कशी ठेवायची ते रुग्णालयाशी वेगळं बोलावं लागतं. दस्तारीला अमृताची अट नाही. ती आज बांधलीस तरी चालेल, आणि अजून मन होत नसेल तर नुसते केस आणि कडं घेऊन ये, तेही कमी नाही. फक्त नोकरी कायम होण्याची वाट बघून ठरवू नकोस. इथे प्रोबेशन संपतं, मग व्हिसाचं नूतनीकरण येतं, मग कायम वास्तव्याचा अर्ज येतो, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "एवढं होऊ दे."

बांधायला बसशील तेव्हा सहा मीटरचं मऊ सुती कापड घे, आणि सकाळच्या पाळीच्या वेळेत, घड्याळ लावून, रोज सराव कर. सातच्या हँडओव्हरला उभं राहायचं असतं, तेव्हा पेच सैल पडून चालत नाही. आणि नर्सिंगच्या नोंदणीचा अर्ज भरण्याआधी त्यात नाव कसं लिहितोयस ते मला कळव. पासपोर्टवरच्या नावाशी एकेक अक्षर जुळवून बघू.