वहीत तारीख होती का?

पोरी,

परवा तू चहा अर्धवट टाकून दुकानातून उठलीस, म्हणून एक विचारायचं राहून गेलं. दिंडोरीच्या द्राक्षबागेत पानं ओली झाली की वायरलेसचा सिग्नल कमी पडतो, हे तुझ्या लक्षात आलं तेव्हा ते वहीत लिहिलंस का? तारखेसकट?

नाही लिहिलंस. ग्रुपवर टाकलं होतं म्हणालीस, मग फोन बदलला आणि चॅट गेलं. आता तीच गोष्ट एका स्लाइडवर दुसऱ्याच्या नावाने फिरतेय. बाकीचे बिघाड समजून अँटेना बदलत बसले होते. ती ओलाव्याची खबर आहे, हे ओळखलंस तू. तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. माझा राग आहे तो त्या नसलेल्या वहीवर.

रेडिओतला अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग १९१२ साली तुझ्याच वयाचा होता, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. ली डी फॉरेस्ट या दुसऱ्या संशोधकाने ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतली काचेची नळी, बनवला होता, पण तो आत नेमकं काय करतो हे खुद्द डी फॉरेस्टलाही धड सांगता येत नव्हतं. या पोराने चिकाटीने मोजमापं घेतली आणि बाहेर येणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत सोडला. तोच सिग्नल फिरून फिरून मोठा होत गेला. अजून थोडं पुढे रेटलं, तर व्हॉल्व्ह स्वतःच लहरी काढायला लागला, म्हणजे रिसीव्हरचा ट्रान्समीटर झाला! कीर्तनात बुवा माइक घेऊन स्पीकरसमोर आले की जी कुंईं होते ना, तिचंच हे भावंड. याने तिला लगाम घातला.

पेटंटसाठी वडिलांकडे पैसे मागितले, तर ते म्हणाले, आधी पदवी. (तुझे बाबा काही वेगळं बोलत नाहीत.) मग त्याने सर्किटचं रेखाटन केलं आणि ३१ जानेवारी १९१३ ला त्यावर नोटरीचा शिक्का घेतला. पेटंटचा अर्ज गेला तो ऑक्टोबरात.

तुला वाटेल, मग जिंकला. हरला! डी फॉरेस्टशी भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. आधार कशाचा? ६ ऑगस्ट १९१२ या तारखेची वहीतली एक नोंद. डी फॉरेस्टच्या सहाय्यकाने प्रयोगात सुंदर, स्वच्छ सूर आल्याचं टिपून ठेवलं होतं. त्या सुराचं मोल तेव्हा त्यांना कळलंही नव्हतं. कळलं होतं आर्मस्ट्राँगला, पण तारीख त्यांची आधीची. आर्मस्ट्राँग त्याला मिळालेलं रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेचं पदक परत करायला गेला, तेव्हा त्यांनी ते परत घेतलं नाही. हे आठवलं की अजून माझा घसा दाटतो. तरी पदकाने पेटंट येत नाही.

म्हणून लिही. समजलेलं लिही, आणि न समजलेलं त्याच्याही आधी लिही.

जगदीशचंद्र बोसांनी पेटंटची पर्वा केली नाही, हे मला ऐकवू नकोस. पेटंट न घेणं वेगळं आणि न लिहिणं वेगळं. त्यांचा कोहिररवरचा, म्हणजे रेडिओ लहरी ओळखणाऱ्या उपकरणावरचा, निबंध १८९९ सालीच रॉयल सोसायटीत छापून गेला होता. आज त्यांचं नाव निघतं ते त्या छापील पानांमुळे.

मी सातपूरला एका कारखान्यात टेस्टिंगला होतो. अॅम्प्लिफायरमध्ये हमिंग यायचं. अर्थिंगच्या तारा एकाच बिंदूवर आणल्या की ते जातं, हे मी शोधलं आणि साहेबांना सांगितलं. कुठे? चहाच्या टपरीवर! वर्षअखेरीस साहेबांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि मी टाळ्या वाजवल्या. सिडकोतल्या घराचा हप्ता होता, आई आजारी होती. साहेबही तसे वाईट नव्हते, कदाचित आपल्यालाच सुचलं असं त्यांना खरंच वाटलं असेल. पस्तीस वर्षं हे मी स्वतःला सांगत आलोय. पण भांडायला हातात कागद तरी होता का? तो असता तर कदाचित भांडलोही नसतो, पण ते माझ्या मर्जीने झालं असतं.

आर्मस्ट्राँगने पुढे एफएम दिलं. आपलं नाशिक आकाशवाणी त्यावरच ऐकतेस तू. त्याही पेटंटांवर तो मोठ्या कंपन्यांशी भांडत राहिला, आणि १९५४ च्या ३१ जानेवारीच्या रात्री, बरोबर त्या शिक्क्याच्या तारखेला, त्याने जीव दिला. बायकोने खटले पुढे चालवले, शेवटचा १९६७ मध्ये जिंकला. त्याच्यासारखं भांड असं मी म्हणत नाही. त्याच्यासारखं रेखाटन काढून ठेव, एवढंच म्हणतोय.

रविवारी ये. दोनशे पानी, शिवलेल्या बांधणीचं रजिस्टर आण. सुटी पानं चालणार नाहीत. आणि येण्याआधी दिंडोरीला त्या बागवाल्या दादांना फोन कर. द्राक्ष निर्यात करणाऱ्याकडे फवारणीची नोंदवही असते, तारीखवार. पाऊस झाला म्हणून फवारणी पुन्हा घ्यावी लागली, तो दिवस त्यांनी लिहिलेला असणार. त्या दिवशी बागेत तुझ्याशिवाय कोण होतं, तेही विचार.

तुझा,
काका