प्रश्नोत्तरे : स्पॅनिशचा ऑनलाइन गृहपाठ आणि रविवारची रात्र

प्रश्न : कॉलेजच्या स्पॅनिश कोर्सला आठवड्याला 30 ऑनलाइन स्वाध्याय असतात. मुदत रविवारी रात्री 11.59. मी सगळे रविवारीच उरकते, गुणही 90 च्या वर पडतात. पण बुधवारच्या चाचणीत क्रियापदंच आठवत नाहीत. असं का?

उत्तर : गुण खरे आहेत, पण त्या बैठकीपुरते. प्रेतेरितोचे (घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ) बारा स्वाध्याय ओळीने केले की तिसऱ्यानंतर डोकं चालवावं लागत नाही. काळ कोणता ते ठाऊकच असतं, नुसता प्रत्यय चिकटवायचा. चाचणीत मात्र आधी काळ निवडावा लागतो: ‘काल खाल्लं’ म्हणजे ‘कोमी’, ‘लहानपणी खायचे’ म्हणजे ‘कोमीआ’. मराठीत ‘खायचे’ आणि ‘खात होते’ अशी दोन वेगळी रूपं आहेत. स्पॅनिशमध्ये साधारणपणे दोन्हींसाठी इम्पेर्फेक्तोच (सवयीचा किंवा चालू असलेल्या गोष्टीचा भूतकाळ) चालतो. हा निवाडा करायची सवय एका रात्रीत लागत नाही. पाठ केलेलं किती झपाट्यानं पुसलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं.

आधी स्वाध्याय मोजणं सोडा, मिनिटं मोजा. शब्दांच्या जोड्या लावायला साधारण 4 मिनिटं, रिकाम्या जागांना 8, ऐकून उत्तरं द्यायला 12, आवाज रेकॉर्ड करायला 20 (पहिला प्रयत्न कोणालाच आवडत नाही) आणि परिच्छेद लिहायला 30. समजा तुमच्या तिसांत 12 जोड्या, 12 रिकाम्या जागा, 3 ऐकण्याचे, 2 रेकॉर्डिंग आणि 1 लेखन आहे. बेरीज 250 मिनिटं. एका बैठकीत हे नीट होणारच नाही.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी असेल तर सोमवारी आठ जोड्या करा, म्हणजे शब्द वर्गाआधी डोळ्यांखालून जातात. मंगळवारी वर्गानंतर रिकाम्या जागांचे सहाच स्वाध्याय. हात बसला आहे म्हणून बाकीचे उरकून टाकू नका. ते मुद्दाम गुरुवारसाठी ठेवायचे. दोन दिवसांनी थोडं विसरलेलं असतं, आठवायला ताण पडतो, आणि तो ताणच कामाचा. बुधवारी उरलेल्या चार जोड्या आणि ऐकण्याचे तीन, शुक्रवारी रेकॉर्डिंग, शनिवारी लेखन. सर्वात जड दिवस 52 मिनिटांचा. रविवार रिकामा ठेवा; बिघडलेला मायक्रोफोन हमखास त्याच दिवशी सापडतो.

आणखी एक. सगळ्या प्रकरणांना सारखा वेळ देऊ नका. ‘गुस्तार’ (आवडणे) या क्रियापदावर इंग्रजीच्या वळणाने शिकणारे आठवडे घालवतात, आपल्याला ‘मला पुस्तकं आवडतात’ हे जन्मापासून येतं, आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ची घडण तीच. तिथे वाचलेला वेळ ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या ‘असणे’ अर्थाच्या दोन क्रियापदांना द्या, कारण आपलं एकटं ‘आहे’ त्या दोघांचं काम करतं.

प्रश्न : उत्तर बरोबर असूनही स्वरचिन्हामुळे (स्वरावरची तिरकी रेघ) चूक धरली जाते. ती चिन्हं शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

उत्तर : चिन्ह सजावटीचं नसतं. ‘आब्लो’च्या शेवटच्या ओवर चिन्ह नसेल तर ‘मी बोलतो’, असेल तर ‘तो बोलला’. आणि ‘आन्यो’ म्हणजे वर्ष या शब्दातल्या एनवरची नागमोडी रेघ विसरून वय सांगितलंत तर शिक्षक हसू दाबतील. उरलेल्या शब्दाचा अर्थ गुदद्वार.

विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ हा कीबोर्ड जोडा. मग एकेरी अवतरणाची कळ आणि त्यानंतर स्वर दाबला की चिन्हासकट स्वर उमटतो. नागमोडी रेघेची कळ आणि एन दाबले की एन्ये. नुसतं अवतरणचिन्ह हवं तेव्हा पाठोपाठ स्पेस दाबायची. ऑल्ट धरून 164 टाइप करण्याची जुनी युक्तीही चालते, पण त्याला उजवीकडचा आकड्यांचा पॅड लागतो आणि बऱ्याच लॅपटॉपना तो नसतो. फोनवर अक्षर दाबून धरा. इंग्रजी ऑटोकरेक्ट मात्र आधी बंद करा: ‘कोमो’ (मी खातो) हा शब्द तो इंग्रजी ‘कम’ करून टाकू शकतो, आणि तेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये ‘कोमे’, म्हणजे ‘तो खातो’. चूक अशी बेमालूम की पुन्हा वाचूनही दिसत नाही.

प्रश्न : मी शिकवतो. विद्यार्थ्यांनी काम आठवडाभर पसरावं म्हणून सेटिंगमध्ये काय बदलू?

उत्तर : एका मुदतीऐवजी दोन-तीन ठेवा: शब्द आणि नियमवाचन वर्गाआधी, सराव पुढच्या वर्गाच्या आदल्या रात्री, रेकॉर्डिंग-लेखन आठवड्याच्या शेवटी. रोज एक मुदत ठेवलीत तर नोकरी करून शिकणारे गळतात. प्रयत्न अमर्याद देऊ नका. चार पर्यायांचा प्रश्न चौथ्या क्लिकला कोणाचाही सुटतो. दोन प्रयत्न द्या, आणि बरोबर उत्तर दुसऱ्या प्रयत्नानंतरच दिसू द्या. उशिराला शून्य देण्याऐवजी दिवसाला 10 टक्के कापा. शून्य ठरलेलं असेल तर राहिलेलं काम कोणी हातातच घेत नाही.

प्रश्न : दोन आठवड्यांचा गृहपाठ तुंबलाय. सुरुवात कुठून?

उत्तर : चालू आठवड्यापासून. जुन्याच्या मागे लागलात की नवंही जुनं होतं. चालू काम झाल्यावर रोज 20 मिनिटं मागच्या प्रकरणांतल्या क्रियापदांच्या रूपांना द्या, कारण पुढची प्रकरणं त्यांवर उभी असतात. मागचं काय अजून स्वीकारलं जातं, ते शिक्षकांना आजच विचारा. जे स्वीकारलं जात नाही, त्यातले जोड्या लावण्याचे स्वाध्याय खुशाल सोडून द्या.