अशोक कुमारला शोधताना

फोंडा,
कार्तिक वद्य द्वादशी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री अकराला आला, तो मी तीनदा वाचला. "सर, माझं नाटक टेलिग्रामवर फिरतंय. पहिल्या पानावरचं माझं नाव कापलंय. ज्यानं टाकलं त्याला नावच नाही, तर दावा कोणाच्या नावानं लावायचा?" फोनवर सांगण्यापेक्षा हे लिहून पाठवतो. पुढच्या महिनाभरात तुला ते पुन्हा पुन्हा काढून बघावं लागेल.

पहिलं उत्तर हे की, बिननावाच्या माणसावर दावा लावता येतो. आपल्या कोर्टांनी अशा प्रतिवादीसाठी एक नावही ठरवून टाकलं आहे: अशोक कुमार. अमेरिकेत त्यालाच जॉन डो म्हणतात. २००२ साली फुटबॉलचा विश्वचषक चालू असताना गावोगावचे केबलवाले परवाना न घेता सामने दाखवत होते. उद्या कोण दाखवील ते आज सांगता येत नव्हतं. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं ताज टेलिव्हिजनच्या दाव्यात अज्ञात प्रतिवादींविरुद्ध आदेश दिला. आपल्या देशातला तसा तो पहिला आदेश मानतात. त्यानंतर सिनेमावाल्यांनी ही वाट इतकी मळवली की मोठं चित्र लागायच्या आधीच अशोक कुमारवर मनाईहुकूम मिळू लागला. मुंबई उच्च न्यायालयानं मात्र २०१६ मध्ये सरसकट आदेश मागणाऱ्यांना आवर घातला. अख्खी संकेतस्थळं बंद करा असं मोघम सांगून चालणार नाही, नेमकी लिंक दाखवा, असा तिथला आग्रह होता. आपला गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या हाताखाली येतो, म्हणून हे ध्यानात ठेव. नेमकेपणा हे तुझं पहिलं हत्यार.

तुझ्या गोष्टीच्या सर्वांत जवळचा निकाल नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम हा आहे. दिल्ली उच्च न्यायालय, ३० ऑगस्ट २०२२. नीतू सिंग स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवतात. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामच्या चॅनेलांवर राजरोस फिरत होते. एक चॅनेल बंद केलं की दुसरं उघडायचं. त्यांनी कोर्टाला सांगितलं, नुसतं काढून टाकणं मला पुरत नाही, माणसं कोण आहेत ते कळवा. टेलिग्रामचं म्हणणं होतं की आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, तिथला कायदा वापरणाऱ्यांची माहिती देऊ देत नाही. कोर्टानं ते मानलं नाही. चोरी करणाऱ्यानं खासगीपणाच्या आड लपावं यासाठी तो कायदा नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर, आयपी पत्ते, ईमेल बंद लिफाफ्यात द्या असा हुकूम झाला, आणि पुढे टेलिग्रामनं माहिती दिलीही.

म्हणजे पडदा उठतो. तो कोर्टाच्या हातानं उठतो, आणि त्याला वेळ आणि पैसा लागतो. तू कॉलेजात तासांवर शिकवतेस. तो पैसा कुठून येणार याचा विचार आधी करू, नंतर रागाचा.

पडदा उठल्यावर पलीकडे काय दिसतं तेही बघ. फोन नंबर मिळाला तर तो दुसऱ्याच्या नावावर असू शकतो. आयपी पत्ता मिळाला तर तो माणसाचा पत्ता नसतो, जोडणीचा असतो. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. त्यातला आपला कोणता हे काढायला नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर, म्हणजे त्या जोडणीला दिलेला उपक्रमांक, लागतो. ती वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, आपल्या घड्याळाहून साडेपाच तास मागे. हा साडेपाच तासांचा फरक विसरला तर भलत्याच घराची घंटा वाजते. वकील म्हणून मला सगळ्यात मोठी भीती हीच वाटते, की खरा अपराधी सुटेल त्याहून, एखाद्या निरपराध पोराच्या दारात पोलीस जाऊन उभे राहतील.

तू ज्याचं नाव मला मेसेजात लिहिलंस, त्या मुलाबद्दल म्हणूनच आग्रहानं सांगतो. फेसबुकवर त्याचं नाव टाकू नकोस. आज तुझ्याकडे संशय आहे, पुरावा नाही. उगाच धमक्या देणाऱ्या हक्कधारकावर उलटा दावा लावायची सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. अब्रुनुकसानीचं प्रकरण वेगळंच.

तू कोणाकोणाला पीडीएफ पाठवली होतीस? चार नाट्यमंडळांना, असं तू म्हणालीस. चौघांना एकच फाइल गेली, त्यामुळे आता कळायला मार्ग नाही. यापुढे प्रत्येकाची प्रत वेगळी कर. मंडळाचं नाव पानापानावर फिकट अक्षरांत उमटव, आणि त्याशिवाय प्रत्येक प्रतीत एखादा निरुपद्रवी शब्द बदल: एका प्रतीत सासू "उंबऱ्यात" उभी, दुसऱ्या प्रतीत "दारात", तिसऱ्यात "ओसरीवर". फिकट अक्षरं पुसता येतात, हा शब्द कोणी शोधत बसत नाही. तेवढ्यानं प्रत कोणाच्या हातून निसटली ते कळतं. निसटू कोणी दिली ते तरीही कळत नाही, कारण सचिवाच्या फोनमधून त्याच्या भाच्यानंही पाठवलेली असू शकते. पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं.

व्हॉट्सॲपचं निराळं आहे. तिथे फॉरवर्ड झालेला मजकूर मुळात कोणी सोडला हे शोधायची तरतूद २०२१ च्या आयटी नियमांत आहे, पण ती देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांपुरती. नाटकाच्या पीडीएफसाठी ती वापरता येणार नाही. त्या वाटेनं जायचा विचार सोड. आणि खरं सांगू, आपल्या गावच्या ग्रुपमध्ये निनावी असं फार थोडं असतं. नंबर समोर दिसतो, नंबरामागचा माणूस पाच मिनिटांवर राहतो. डिचोलीत दुपारी झालेली गोष्ट संध्याकाळी साखळीच्या बाजारात कळते. तिथे कोर्टाआधी एक फोन करावा.

टेलिग्रामवरची प्रत मात्र खाली उतरवायला हवी, आणि या आठवड्यात. कॉपीराइटचे २०१३ चे नियम आहेत, त्यांतला नियम ७५. मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थाकडे, म्हणजे टेलिग्रामसारख्या कंपनीकडे, हक्कधारकानं लेखी तक्रार करायची: कृती कोणती, ती माझीच कशावरून, नेमकी कुठल्या लिंकवर आहे, आणि ती का बेकायदा आहे. मध्यस्थाची खात्री पटली तर ३६ तासांत त्यानं ती बंद करायची. ही बंदी २१ दिवसांची असते. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर मध्यस्थ तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो. आणि तक्रारीतच लिहून द्यावं लागतं की मी २१ दिवसांत दावा लावून आदेश आणीन. हे वाक्य पुष्कळ लेखक न वाचता सही करतात. तू वाच. मग ठरव. अमेरिकन कंपन्यांकडे त्यांच्या १९९८ च्या कायद्याखाली तक्रार करायची सोय आहे, तिथे हे २१ दिवसांचं वचन नाही. गूगलच्या शोधात तुझ्या नाटकाचं नाव टाकल्यावर ती लिंक वर येत असेल तर ती तिथून काढून घ्यायला हा मार्ग सोपा.

दावा लावायचाच झाला तर दिल्लीला जायला नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे हक्कधारक जिथे राहतो त्या जिल्हा न्यायालयात दावा चालतो, म्हणजे तुझा उत्तर गोव्यात. फौजदारी वाटही आहे. कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. ही तलवार फार जड आहे. कोणी तुझी संहिता विकून पैसे करत असेल तर मी स्वतः तुझ्याबरोबर पोलीस ठाण्यात येईन. एकोणीस वर्षांच्या पोरानं फुकट वाटली असेल तर येणार नाही, आणि तूही जाऊ नयेस असं मला वाटतं.

आता जत्रेचं. तू लिहिलंस की यंदा कुठल्याशा देवस्थानात तुझं नाटक न विचारता लागणार आहे आणि ते तुला थांबवायचं आहे. बाय, ते बहुधा थांबणार नाही, आणि याचं कारण निनावीपणा मुळीच नाही. कलम ५२ मध्ये एक छोटी तरतूद आहे: हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला प्रयोग, हा हक्कभंग धरला जात नाही. १९५७ चा कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात फोंड्याची जत्रा असेल असं नाही, पण आपली रंगभूमी त्या ओळीच्या सावलीत उभी आहे. कालोत्सवाच्या रात्री गवंडी, मास्तर, बँकेतला कारकून तोंडाला रंग लावून उभे राहतात, गाव पहाटेपर्यंत जागतं. तिथे प्रत्येक प्रयोगाला लेखकाचं मानधन सक्तीचं असतं तर निम्म्या गावांत नाटक झालंच नसतं. तूही असल्याच मांडवात नाटक शिकलीस. ही तरतूद मला मनापासून पटते.

पण ती प्रयोगाला आहे. संहितेच्या प्रती काढून वाटायला नाही, आणि तुझं नाव पुसायला तर नाहीच. कलम ५७ लेखकाला एक वेगळा हक्क देतं. कृती माझी आहे असं म्हणण्याचा, आणि तिची मोडतोड करून माझ्या नावाला बट्टा लावला तर दाद मागण्याचा. कॉपीराइट विकला तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. प्रयोग फुकट असो वा तिकिटाचा, "लेखिका" या शब्दापुढे तुझं नाव आलंच पाहिजे.

इथे मी कायदा बाजूला ठेवून सांगतो. १९८९ साली माझं दुसरं नाटक झेरॉक्स होऊन फिरलं. पहिलं पान फाडलेलं. एका गावात जत्रेला ते लागलं आहे असं कळलं म्हणून मी आईला घेऊन गेलो. हातात हँडबिल आलं, त्यावर लेखक म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव. आम्ही चटईवर बसून पूर्ण नाटक पाहिलं. तिसऱ्या प्रवेशात मी योजलं होतं त्याच शब्दाला मांडव हसला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हें तुवेंच बरयलेलें न्हय?" हे तूच लिहिलेलं ना? मी मान हलवली. प्रयोग संपल्यावर मंडळाच्या माणसांना मी भेटलो नाही, मुकाट्यानं घरी आलो. कलम ५७ तेव्हाही कायद्यात होतं, मला माहीत नव्हतं. ते हँडबिल अजून माझ्या फायलीत आहे. पैसे बुडाले याचं मला कधी काही वाटलं नाही. पण आईचा तो प्रश्न आजही ऐकू येतो.

म्हणून जत्रेच्या मंडळाला तू पत्र लिही, नोटीस नको. प्रयोग करा, माझी हरकत नाही, हँडबिलावर, फलकावर आणि सुरुवातीच्या निवेदनात माझं नाव हवं, संहितेत बदल विचारून करा, अधिकृत प्रत मी स्वतः देते. बहुतेक मंडळं हे आनंदानं करतात. न विचारता लावणाऱ्यांपैकी कित्येकांना लेखक कोण हेच ठाऊक नसतं, कारण त्यांच्या हाती आलेल्या पीडीएफवर नाव नसतं. टेलिग्रामवाल्यानं खरं नुकसान केलं आहे ते हे. माझा राग त्याच्यावर आहे, गावावर नाही.

रविवारी सकाळी ये. येण्याआधी एवढं कर. त्या चॅनेलचं पान, लिंक, सदस्यांची संख्या, फाइल टाकल्याची तारीख-वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट घे आणि ती फाइल उतरवून जशीच्या तशी ठेव, उघडून पुन्हा सेव्ह करू नकोस. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, लिहावा लागतो. तो कसा काढायचा ते मी तुला दाखवीन. चॅनेलवर काही लिहू नकोस, ॲडमिनला मेसेज करू नकोस. तो सावध झाला की चॅनेल पुसून जाईल आणि आपल्या हाती काही उरणार नाही.

नाटकाची नोंदणीही करून टाकू. कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो, मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण नोंदणी हा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो आणि नाटकाच्या एका संहितेची फी ५०० रुपये आहे.

आणि पहिल्या खर्ड्याची ती निळी वही आण, जिच्यात तू दुसरा अंक दोनदा खोडून लिहिला होतास. पाऊस लागणार नाही अशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आण, अवकाळीचा भरवसा नाही. तक्रारीचा मसुदा मी करून ठेवतो. "प्रतिवादी क्र. १" पुढे सध्या अशोक कुमार लिहितो.

तुझे
सर