वाचकांचे प्रश्न : कयाकचा नांगर आणि उजनीचा वारा

प्रश्न : मी सुट्टीच्या दिवशी भिगवणच्या बाजूने उजनीच्या जलाशयात कयाकमधून (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) गळ टाकतो. दुपारी वारा सुटला की कयाक एका जागी राहत नाही. मागच्या कडीला दोर बांधून पाच किलोचा दगड सोडतो, तरी ती सरकते. दगड आणखी जड घ्यावा का?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : दगड जड करू नका, आणि तो मागच्या कडीला बांधणे तर आजच थांबवा, अशी कळकळीची विनंती आहे. तसे बांधल्याने कयाकची पाठ वाऱ्याकडे होते आणि बसणाऱ्याच्या व सामानाच्या भाराने आधीच दबलेले टोक दोराच्या ओढीने आणखी खाली जाऊन लाटा आत घेऊ लागते. नाळ (कयाकचे पुढचे टोक) वाऱ्याकडे असेल तर लाट दुभंगून बाजूने निघून जाते.

नांगर पकड धरतो ती वजनापेक्षा दोराच्या लांबीमुळे. आखूड दोर नांगराला वर उचलतो. लांब दोराची ओढ तळाशी जवळजवळ आडवी लागते आणि आकडे गाळात रुततात. म्हणून खोलीच्या पाच ते सात पट, म्हणजे 4 मीटर पाण्यात 20 ते 28 मीटर दोर सोडावा. दगडाला आकडेच नसल्याने तो घसरणारच. दीड किलोचा, चार आकड्यांचा घडीचा नांगर घ्यावा.

बसल्या जागेवरून नाळेपर्यंत हात पोहोचत नाही, यासाठी कयाकच्या कडेने दोन कप्प्यांवर (दोरी फिरवणाऱ्या छोट्या चाकांवर) फिरणारी दोरी आणि तिच्यावर एक कडी बसवतात. नांगराचा दोर या कडीतून ओवून, कडी नाळेपाशी सरकवून, दोराचे टोक आसनाजवळ असे अडकवावे की एका झटक्यात सुटेल. उजनीच्या पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेत (पळसदेवचे मंदिर पाणी उतरल्यावर दिसते), त्यामुळे नांगर अडकण्याची तयारी ठेवावीच. टोकाला तरंगता डबा बांधलेला असला तर दोर सोडून देऊन नंतर परत घेता येतो. हाताशी सुरीही असावी.

मे 2024 मध्ये याच जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान चालणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. वळवाचे ढग दिसताच, गळाला मासा लागलेला असला तरी, किनारा गाठावा. लाइफ जॅकेटचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. ते आसनाखाली न ठेवता पट्टे आवळून अंगात घालावे. तसेच, उलटलेली कयाक सरळ करून तिच्यावर पुन्हा चढण्याचा सराव सोबतीला कुणी असताना, काठाजवळ छातीभर पाण्यात, जॅकेट घालूनच करावा.